ब्राझीलला जा ताई, पण मार्चचा हप्ता भरू नका

गोव्यातल्या फोंड्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 37, वेर्ण्याच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहेत, हातात 48 हजार येतात, घरी आई आणि त्या दोघीच. 2022 च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या दोन्ही सेमीफायनल एकाच दिवशी फातोर्ड्याला झाल्या, तेव्हा त्या बाणावलीच्या मैत्रिणीसोबत स्टेडियममध्ये होत्या, नायजेरियाला पेनल्टीवर हरवणारी कोलंबिया आणि त्या टीममधली स्टार खेळाडू लिंडा काइसेदो त्यांनी डोळ्यांनी बघितली आणि तेव्हाच दोघींचं ठरलं की बायकांचा मोठा वर्ल्ड कप एकदा तरी जाऊन बघायचाच. 2027 चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये आहे, 24 जून ते 25 जुलै. एजंटने माणशी साडेचार लाख सांगितलेत. आणि प्रश्न असा:

"पर्सनल लोन काढू की तिकिटं क्रेडिट कार्डवर ईएमआयने घेऊ? फेडायचं टेन्शन नाही, मार्चमध्ये बँकेतल्या पॉलिसीचा तिसरा हप्ता भरला की साडेचार लाख भरून होतात, मेमध्ये ती मोडली की पाच तरी येतीलच."

लोन नको, ईएमआय पण नको. प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण ताई, तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य वाचून मी तुम्हाला पॉलिसीची कागदं पाठवायला सांगितली आणि ती बघितल्यापासून मला ब्राझीलची काळजीच वाटत नाही, त्या पॉलिसीची वाटते.

मेमध्ये पाच लाख येणार नाहीत. चारही नाही, तीनसुद्धा नाही. तुमची पॉलिसी मार्च 2025 ची आहे, वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे आणि वीस वर्षांनी म्हणजे 2045 ला 32 लाख एकरकमी मिळणार, हे कागदावर स्पष्ट लिहिलंय. मधल्या काळात मोडली तर सरेंडर व्हॅल्यू मिळते. तिसऱ्या वर्षात मोडणाऱ्याला कंपनीने भरलेल्या रकमेच्या किमान 35 टक्के द्यायचे असा नियम आहे, म्हणजे साडेचार लाखांवर एक लाख साठ हजारांच्या आत. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम ग्राहकाच्या बाजूने थोडे बदललेत, त्यामुळे कंपनी प्रत्यक्षात देते ती स्पेशल सरेंडर व्हॅल्यू याहून जास्त निघते, माझ्या अंदाजाने अडीच-पावणेतीनपर्यंत जाईल, पण त्याच्या वर काही नाही. म्हणजे तुम्ही साडेचार लाखांचं लोन काढणार, मेमध्ये पॉलिसी मोडणार, जाऊन परत येणार आणि तरी पावणेदोन-दोन लाखांचं कर्ज बारा-पंधरा टक्के व्याजाने डोक्यावर राहणार. वर आयुष्यातली तीन वर्षांची बचत अर्धी झालेली.

पाच लाखांचा आकडा तुम्हाला कोणी सांगितला ते तुम्हीच लिहिलंय. तीन लाखांची एफडी मुदत संपली म्हणून रिन्यू करायला गेलात, तिथे बँकेतल्या साहेबांनी चहा मागवला आणि सांगितलं की ही पण एफडीच आहे, फक्त लांबची, गॅरंटीवाली, आणि दोन वर्षांनी कधीही काढता येते. मग म्हणे कंपनीकडून व्हेरिफिकेशनचा फोन येईल, जे विचारतील त्याला हो म्हणा, नाहीतर प्रोसेस अडकते. तुम्ही काउंटरसमोरच्या खुर्चीत बसून सगळ्याला हो म्हणालात. ही एफडी नाही, ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे आणि एफडी रिन्यू करायला आलेल्या माणसाला एफडी म्हणून विमा विकणं याला मी फसवणूकच म्हणते. टार्गेट असतात, वरून प्रेशर असतं हे मला माहीत आहे, पण त्या टार्गेटसाठी 48 हजार पगाराच्या माणसाला दहा वर्षं दीड-दीड लाखाला बांधून ठेवायचं, ज्याच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, हे मला बिलकूल पटत नाही.

तुम्ही का हो म्हणालात तेही समजतं. तुमच्या वडिलांचा खाणीवर ट्रक होता, 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा तो डिचोलीत दारात उभा राहिला आणि हप्ते मात्र चालूच, मधे थोडं सुरू झालं तर 2018 ला परत बंद. ज्या घराने हे बघितलंय त्या घरातल्या मुलीला गॅरंटी हा शब्द ऐकला की बरं वाटणारच. गॅरंटी हवीच असेल तर घ्या, माझी काहीच हरकत नाही, फक्त ती कितीची आहे ते बघून घ्या. दहा वर्षांत 15 लाख भरून वीस वर्षांनी 32 लाख म्हणजे ऐकायला डबलच्या वर, पण वर्षाला पडतात जेमतेम पाच टक्के. पीपीएफची गॅरंटी सरकारची आहे, एप्रिल 2020 पासून व्याज 7.1 टक्क्यांवर आहे, आणि वर्षाला जास्तीत जास्त किती भरता येतात? दीड लाख. बरोबर तुमच्या हप्त्याएवढे.

आता हिशोब बघा, गोल आकडे धरते. दोन हप्ते भरून झालेत, तीन लाख, ते गेले ते गेले. इथून पुढे आठ हप्ते बाकी आहेत. पुढचा हप्ता न भरता पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून ती न मोडता तशीच राहू दिली, तर भरलेल्या प्रमाणात, म्हणजे 32 लाखांचे दोन दशांश, साधारण सहा लाख चाळीस हजार 2045 ला मिळतात. आणि ते आठ हप्ते त्याच तारखांना पीपीएफमध्ये टाकले, पंधरा वर्षांनी मुदत वाढवून घेतली आणि व्याज आजचंच राहिलं तर 2045 ला तिथे 33 लाखांच्या जवळ जमतात. दोन्ही मिळून 39. पॉलिसी शेवटपर्यंत इमानेइतबारे भरलीत तर 32. सात लाखांचा फरक आहे आणि जोखीम काय घेतली तर काहीच नाही, पीपीएफचं व्याज सरकार बदलू शकतं एवढं सोडून.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मार्चचा दीड लाखाचा हप्ता तुम्ही पीपीएफमध्येसुद्धा टाकला नाहीत, सगळाच्या सगळा ब्राझीलमध्ये खर्च केलात, आणि 2028 पासून सात हप्ते पीपीएफमध्ये भरलेत, तरी 2045 ला पेड-अपचे धरून 34 लाख होतात. पॉलिसीपेक्षा दोन लाख जास्तच, आणि मधे मैत्रिणीसोबत वर्ल्ड कप बघून झालेला.

म्हणून सांगते, मार्चचा हप्ता भरायचा नाही. सरेंडर करायची की पेड-अप ठेवायची हे आज ठरवू नका, आधी कंपनीला ईमेल करून तीन आकडे लेखी मागा: आजची सरेंडर व्हॅल्यू, मार्चनंतर हप्ता न भरता पेड-अप केली तर 2045 ला मिळणारी रक्कम, आणि पेड-अपमध्ये आयुर्विम्याचं कव्हर किती उरतं. बँकेतल्या साहेबांना विचारू नका, ते आणखी एक हप्ता भरा मग बघू म्हणणार. आणि त्याच आठवड्यात तक्रारही टाका. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत परत करायची सोय असते ती मुदत गेली, पण चुकीचं सांगून विकल्याची तक्रार करायला त्याची गरज नाही. काय झालं ते जसंच्या तसं लिहा, एफडी बंद केल्याची पावती जोडा, त्याच दिवशी त्याच बँकेतून गेलेल्या प्रीमियमची एंट्री जोडा, ती तारीखच खूप काही सांगते. आधी कंपनी आणि बँक, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला की विमा लोकपाल, गोव्यासाठी मुंबईचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, व्हेरिफिकेशन कॉलवर तुमचा हो रेकॉर्ड झालाय आणि कंपनी तोच पुढे करणार. तरी तक्रार कराच.

कव्हरचं पण बघायला लागेल. आई तुमच्यावर अवलंबून आहे आणि या पॉलिसीत कव्हर आहे 15 लाख, म्हणजे तुमच्या घरखर्चाची पाच वर्षंही नाहीत. 50 लाखांची साधी टर्म पॉलिसी (फक्त कव्हर, शेवटी पैसे परत नाहीत) घ्या, वर्षाला आठ-दहा हजारांत बसते, ती हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. आईला शुगर आहे, हेल्थ इन्शुरन्स फक्त तुमच्या कंपनीचा, नोकरी गेली की तोही गेला. निदान गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड रिन्यू आहे का बघा, तुमच्यासारख्या छोट्या कुटुंबाला त्यात अडीच लाखांचं कव्हर मिळतं, पत्रात त्याचा उल्लेखच नाही. आणि पतसंस्थेत ठेवलेले दोन लाख मुदत संपली की बँकेच्या एफडीत आणा. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो पण पतसंस्थेला तो नसतो, हा फरक गोव्यात अजूनही बऱ्याच जणांना माहीत नाही. हे दोन लाख म्हणजे तुमचा इमर्जन्सीचा पैसा, ब्राझीलसाठी त्याला हात लावायचा नाही.

आता ब्राझील. साडेचार लाख कशाला लागतात? एजंटच्या पॅकेजमध्ये तुम्हाला नको असलेली बरीच साइटसीइंग आहे आणि वर टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापणार, तो रिटर्न भरल्यावर मिळतो पण तोपर्यंत अडकतो. दोघींनी स्वतः केलंत तर मुंबईहून साओ पाउलो जाऊन-येऊन एक लाख तीस हजार धरा, दोन आठवडे खोली शेअर करून 45, खाणं-फिरणं 55, तिथल्या तिथे एखाद-दुसरं विमान 25, व्हिसा आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सला 20, मॅचच्या तिकिटांना 15. तीनच्या आत झालं, हाताशी 30 जास्त ठेवा, सव्वातीन म्हणा. मॅचचं तिकीट हा यातला सगळ्यात छोटा खर्च असतो, 2023 ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मोठ्यांची तिकिटं तिथल्या 20 डॉलरपासून होती, तेव्हा कोणी व्हीआयपी पॅकेज गळ्यात मारायला आलं तर बळी पडू नका, फिफाच्या साइटवरूनच घ्या. शहरं आठ आहेत, वर रेसिफे-फोर्तालेझा आणि खाली थेट पोर्तो आलेग्रे, आणि त्या दिवसांत खाली थंडी असते. कुठली टीम कुठे खेळणार ते ड्रॉ झाल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे आतली विमानं आणि हॉटेलं ड्रॉनंतरच.

पैसे कुठून? हप्त्यासाठी तुम्ही महिन्याला साडेबारा हजारांची आरडी लावलीय, मार्चमध्ये त्याचे दीड लाख होतात, ते इकडे. गणेश चवथीच्या बोनसमधले 40, सेव्हिंगमधल्या एक लाख वीसमधले 60, आणि आतापासून दहा महिने सात-सात हजार बाजूला, तुमचा घरखर्च 26 आणि आरडी साडेबारा जाऊन साडेनऊ उरतात म्हणून सात म्हणते. झाले तीन लाख वीस हजार. एक रुपया कर्ज नाही.

मैत्रिणीबद्दल एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते, कारण इथे दोन मैत्रिणींची परिस्थिती सारखी नाही. तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, तिला ब्राझीलला व्हिसा लागत नाही, तुम्हाला लागतो. ती म्हणतेय ऑफर आहे, नॉन-रिफंडेबल तिकिटं आत्ताच काढूया. तिचं चुकीचं नाही, तिला रिस्कच नाहीये, पण तुमचा व्हिसा अडकला तर एक लाख तीस हजार तुमचे जाणार. व्हिसा हातात येईपर्यंत फक्त कॅन्सल करता येणारं बुकिंग करा, आठ-दहा हजार जास्त गेले तरी चालतील. व्हिसासाठी बँक स्टेटमेंट दाखवायला लागतं, त्यात एकदम लोनचे साडेचार लाख जमा झालेले दिसण्यापेक्षा महिन्याच्या महिन्याला वाढत गेलेला बॅलन्स केव्हाही चांगला. आणि तिची तिकिटं तुमच्या कार्डवर काढायची नाहीत, आपापली काढा, मग परत आल्यावर कोणी कोणाला मागायला नको. क्रेडिट कार्डवर परदेशात खर्च केला की साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो, वर त्याच्यावर जीएसटी, म्हणून फोरेक्स कार्डवर डॉलर भरून न्या आणि क्रेडिट कार्ड फक्त अडीअडचणीला ठेवा.

यलो फीव्हरची लस जायच्या दहा दिवस आधी तरी झालेली हवी, मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात मिळते. मैत्रिणीलाही घ्यायला सांगा. ब्राझीलहून परत येताना ते सर्टिफिकेट नसेल तर इथल्या एअरपोर्टवर अडवून सहा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, त्यात पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, आणि आईकडे लवकर परतायचं असताना तुम्हाला ते परवडणार नाही.

कंपनीचा ईमेल आला की तिन्ही आकडे मला पाठवा. पेड-अपची रक्कम सहा लाखांच्या बरीच खाली निघाली तर सरेंडर करून ते पैसे पीपीएफमध्ये टाकणं जास्त बरं पडतं का ते परत मांडून देते, पण मार्चच्या आत ते झालं पाहिजे, म्हणून ईमेल याच आठवड्यात करा.