वचन पाठ झालं, पुढे?

चर्चच्या शब्बाथशाळेत दर रविवारी बायबलचं वचन पाठ करून घेतात. सात वर्षांची लेक धडाधड म्हणते, अर्थ मात्र शून्य. पाठांतर बंद करायला सांगू का? – एक आई, वडगाव शेरी

नका सांगू. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529 साली ख्रिस्ती शिकवणीची छोटी प्रश्नोत्तरी काढली, तीही पाठ करण्यासाठीच. पण ती घरच्या कर्त्या माणसाने मुलांकडून म्हणून घ्यावी, अशी त्याची अपेक्षा होती. आपण ते काम रविवारच्या तासाभरावर ढकललं, गडबड तिथे झाली.

आमच्या वर्गात एकदा स्तोत्र 23 चाललं होतं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. विचारलं, मेंढपाळ कुणी पाहिलाय? एका पोराने दिवे घाटात धनगरांचा कळप पाहिला होता. घोडीच्या पाठीवर झोळीत कोकरू होतं म्हणे, मान तेवढी बाहेर. “सर, त्याला चालता येत नसेल ना अजून?” माझं तयार प्रवचन मी गिळलं. (सोपं नव्हतं!)

रोममध्ये सोफिया कावाल्लेत्ती यांनी 1954 पासून माँटेसरी पद्धतीवर हेच उभं केलं. लाकडी मेंढपाळ, लाकडी मेंढरं. मुलं ती हाताने हलवतात आणि बाई अर्थ सांगायची घाई करत नाहीत. घरी पुठ्ठ्याची मेंढरं चालतील. वचन म्हणून झालं की लेकीला एवढंच विचारा, यातलं कोकरू कोणतं? आणि थांबा.

मी ख्रिस्ती, नवरा हिंदू. घरी गणपती बसतो. मुलगा गोंधळेल का? – गुरुवार पेठ

कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी त्यांचं सोवळंओवळं काही काळ तसंच होतं. म्हणजे तुमचं घर काही जगावेगळं नाही. “आई अशी प्रार्थना करते, आजी अशी पूजा करते,” हे मुलाला सरळ सांगा. दोन्हींची खिचडी करून सांगू नका. आजीच्या आरतीला नाक मुरडलंत किंवा तुमच्या प्रार्थनेवर कुणी कोटी केली, की मात्र पोर बावरतं.

पंधरा वर्षांचा मुलगा दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला येत नाही. ‘देव आहे कशावरून?’ म्हणतो. – पिंपरी

हे वर्ष जाऊ द्या, दृढीकरण पुढच्या वर्षीही होतं. जेवताना वाद घालू नका. तबला वाजवतो असं पत्रात लिहिलंय तुम्ही. चर्चच्या मंडळीतल्या गाणाऱ्यांना विचारा, रविवारी त्यांना कुणी हवंय का.