लेकीच्या शिक्षणासाठी कोथरूडचा फ्लॅट विकावा का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, चौघेही ब्रिटिश नागरिक आहोत. मुलीला विद्यापीठात स्पॅनिश शिकून माध्यमिक शाळेत शिक्षिका व्हायचं आहे. तिच्या डोक्यावर कर्ज नको, म्हणून कोथरूडचा फ्लॅट विकून सगळी फी रोख भरावी असं मला वाटतं. तो 2006 साली 18 लाखांना घेतला होता, आज 90 लाख येतील. मी 40 टक्क्यांच्या करपट्ट्यात आहे. पत्नी म्हणते, घाई नको.

उत्तर: वहिनींचं ऐका. फ्लॅट विकायला माझा विरोध नाही, पण या कारणासाठी विकू नका.

आधी फीचा हिशेब. भाषेची पदवी बहुधा चार वर्षांची असते आणि त्यातलं एक वर्ष परदेशात जातं. 2025-26 च्या दराने तीन वर्षांचे प्रत्येकी 9,535 पौंड, परदेशातल्या वर्षाचे जास्तीत जास्त 1,430, आणि नंतर पीजीसीईचं, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचं, एक वर्ष पुन्हा 9,535. एकूण साडेएकोणचाळीस हजार. फी आता महागाईबरोबर वाढणार आहे, तेव्हा थोडं वर धरा.

आता फ्लॅट. अनिवासी म्हणून तुम्हाला भारतात नफ्यावर साडेबारा टक्के कर, वर अधिभार आणि सेस. इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सवलत, नाही. इंग्लंडचे रहिवासी म्हणून तोच नफा इथेही दाखवावा लागेल, इथला दर 24 टक्के. भारतात भरलेला कर इथे वजा होतो, तरी दोन्हीकडचा मिळून आकडा ढोबळ मानाने बारा हजार पौंडांच्या घरात जाईल. म्हणजे एका वर्षाच्या फीपेक्षा जास्त पैसे निव्वळ करात गेले. शिवाय आधी लोअर डिडक्शन सर्टिफिकेट (कमी कर कापण्याचा दाखला) काढलं नाहीत, तर खरेदीदार टीडीएस नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर कापेल आणि परताव्याची वाट बघत बसावं लागेल.

आणि हे कशासाठी? जे कर्ज टाळायचंय ते सावकारी कर्ज नाही. प्लॅन 5 मध्ये, म्हणजे आता शिकायला लागणाऱ्यांच्या सरकारी विद्यार्थी कर्जात, वर्षाला 25,000 पौंडांच्या वरच्या कमाईवर 9 टक्के कापले जातात. लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार सप्टेंबर 2025 पासून 32,916 आहे. म्हणजे महिन्याला साठेक पौंड, तेही पगारातूनच. नोकरी सुटली की कपात थांबते, बाळंतपणाच्या रजेत किंवा अर्धवेळ कामात पगार घटला की तीही घटते. 40 वर्षांनी उरलेलं माफ होतं.

या माफीच्या भरवशावर मात्र राहू नका. आयुष्यभर शिकवत राहिली तर बहुतेक सगळं कर्ज ती फेडेलच. पण व्याज फक्त आरपीआयइतकं (इथला महागाईचा एक निर्देशांक), म्हणजे खऱ्या अर्थाने तुम्ही महागाईपेक्षा जास्त काही देत नाही. आणि हे कर्ज हवं तेव्हा, दंडाशिवाय फेडता येतं. पाच वर्षांनी वाटलं तर फेडा. विकलेला फ्लॅट मात्र परत येत नाही, आणि तिने दुसऱ्या वर्षी विचार बदलला तर भरलेली फीही नाही.

तुमची मदत खरी लागेल ती राहण्या-जेवण्याला. त्यासाठीचं कर्ज पालकांच्या उत्पन्नावर ठरतं. 2025-26 च्या दराने घराबाहेर, पण लंडनबाहेर राहणाऱ्याला जास्तीत जास्त 10,544 पौंड, तुमच्या पगारावर बहुधा त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतील. ही वर्षाला साधारण साडेपाच हजारांची तूट पगारातून भरा. पुढे घराच्या डिपॉझिटला हातभार लावलात, तर तिला तो फी भरण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. (गृहकर्ज देताना बँक हा मासिक हप्ता विचारात घेते, पण तो छोटा आहे.)

पीजीसीईच्या वर्षी बर्सरी, म्हणजे सरकारी विद्यावेतन, मिळते, करमुक्त, असं तुम्ही ऐकलं असेलच. भाषांसाठी 2025-26 ला 26,000 पौंड होते, पण 2021-22 ला फक्त 10,000. सरकारला शिक्षक कमी पडले की वाढवतात, पुरेसे मिळाले की कापतात. तुमची लेक तिथे पोचेपर्यंत काय असेल ते कोणी सांगू नये. मिळाली तर बोनस समजा.

विषयाची निवड मला आवडली. 2025 च्या जीसीएसईला (इथली सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा) स्पॅनिशने विद्यार्थिसंख्येत फ्रेंचला मागे टाकलं, आणि भाषाशिक्षकांची भरती वर्षानुवर्षं उद्दिष्टाच्या खाली आहे. तरीही जमलं तर स्पॅनिशबरोबर फ्रेंच घ्यायला सांगा, शाळांना दोन भाषा शिकवणारा माणूस हवा असतो. काही विद्यापीठांनी भाषांचे विभाग बंद केलेत, त्यामुळे ओपन डेला (विद्यापीठ बघायला बोलावतात त्या दिवशी) पुढच्या चार वर्षांचं सरळ विचारा. आणि शिक्षकी पेशात पैसा नाही म्हणणाऱ्या नातेवाइकांना पेन्शन दाखवा: शाळा पगाराच्या 28.68 टक्के भरते. खासगी नोकरीत एवढं क्वचितच कोणी देतं.

फ्लॅटचा निर्णय वेगळा घ्या. भाडेकरू, सोसायटीची भांडणं आणि फोनवरून चाललेली दुरुस्ती यांचा कंटाळा आला असेल तर जरूर विका. पण आधी मालकी कोणाच्या नावावर आहे ते बघा. वहिनींचं नाव असेल आणि त्या कमी करपट्ट्यात असतील, तर इथला कर बराच खाली येईल. दोन्ही देशांचं काम करणाऱ्या सीएला तेवढं पहिल्यांदा विचारा. विद्यार्थी कर्जाचा अर्ज मात्र विद्यापीठाचं पक्कं होण्याची वाट न बघता करून टाका, कोर्स नंतर बदलता येतो.