कॅमेरा दिसतो, मग संगणक का दिसत नाही?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सूत, तयार माल आणि येणे-देणे यांचा सर्व हिशेब कार्यालयातील संगणकावर असतो. कारखान्यात दुसऱ्या संगणकावरून १९२.१६८.१.१० हा पत्ता दिला की तो लगेच उघडतो. जुळे सोलापुरातील घरून मात्र उघडत नाही. एका जाणकाराच्या सांगण्यावरून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले, तरी उपयोग झाला नाही. त्याच इंटरनेटवरचे कॅमेरे मात्र घरी मोबाइलवर व्यवस्थित दिसतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’समोर (म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूच्या पत्त्यासमोर) १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे. चूक कोठे होत असावी?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : राउटरवरचा तो पत्ता आपण कळवलात हे बरे केले, कारण अडचणीचे मूळ तेथेच आहे. परंतु आधी १९२.१६८ विषयी. चौथ्या आवृत्तीच्या (आयपीव्ही४, म्हणजे वरच्यासारख्या) आयपी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे आणि ती जगाला पुरणारी नाही, म्हणून १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ साली निश्चित झालेल्या या व्यवस्थेनुसार ते कोणीही आपल्या जागेत वापरावेत, मात्र बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना अर्थ नाही. घरून १९२.१६८.१.१० शोधल्यास तो आपल्या घरातच शोधला जातो.

कारखान्यातील संगणक बाहेर संपर्क साधतो तेव्हा राउटर त्याचा खासगी पत्ता काढून स्वतःचा पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक (ती जोडणी ओळखण्याचा आकडा) घालतो व त्याची नोंद ठेवतो. या अदलाबदलीला पत्तांतर म्हणू. आपण रंगाईसाठी सूत बाहेर पाठवताना चलन फाडता आणि परत आलेला माल त्या चलनाच्या क्रमांकावरून कोणत्या खात्याचा हे ओळखता, तसेच हे आहे. चलन नसलेला टेम्पो फाटकाशी आला तर पहारेकरी त्याला आत सोडणार नाही. घरून येणारी आपली मागणी अशीच बिनचलनाची असते. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे पहारेकऱ्याला दिलेली कायमची सूचना, की अमुक क्रमांकाने येणारे सर्व काही अमुक संगणकाकडे पाठवावे.

ही सूचना आपण दिलीत, पण टेम्पो आपल्या फाटकापर्यंत पोहोचतच नाही. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी राखून ठेवण्यात आला. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यासाठी कंपनी स्वतःकडे पत्तांतराचा आणखी एक टप्पा ठेवते आणि ग्राहकाच्या राउटरला या पट्ट्यातील पत्ता देते. म्हणजे आपल्या फाटकाच्या पुढे साऱ्या वसाहतीचे एक फाटक आहे आणि तेथील वहीत सूचना लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या राउटरमध्ये कितीही बदल केले तरी यात फरक पडणार नाही.

कॅमेऱ्यांचे कोडे आता सुटेल. कॅमेरा आपणहून बाहेर, त्याच्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करून ठेवतो, मोबाइलही तेथेच जातो आणि दोघांची गाठ तो सर्व्हर घालून देतो. कारखान्याच्या आत कोणी बाहेरून येतच नाही.

संगणकासाठीही हीच युक्ती वापरावी, असे माझे मत आहे. मध्यस्थ सर्व्हरमार्फत दूरचा संगणक दाखवणारे तयार प्रोग्राम मिळतात. एका माणसाला अधूनमधून हिशेब पाहायचा असेल तर तेवढे पुरे. कारखान्यातील अनेक यंत्रे नेहमी हाताशी हवी असतील तर सार्वजनिक पत्ता असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड (दूरच्या यंत्रांना इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्राम) बसवावा, आणि कार्यालयातील संगणक व घरचा लॅपटॉप दोघांनाही त्याला जोडावे. कार्यालयातील संगणकावर वायरगार्डमधील ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (ठरावीक वेळाने आपोआप संदेश पाठवून जोडणी जिवंत ठेवण्याची सोय) २५ सेकंदांवर ठेवावे, कारण काही काळ काहीच ये-जा झाली नाही तर पत्तांतराच्या वहीतील नोंद पुसली जाते आणि मग सर्व्हरकडून संगणकापर्यंत काहीच पोहोचत नाही.

कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागणे हाही मार्ग आहे. त्यासाठी बहुधा वेगळे पैसे पडतात. तो मिळाला तरी रिमोट डेस्कटॉपचा (दूरचा संगणक चालवण्याच्या विंडोजमधील सोयीचा) ३३८९ हा पोर्ट थेट उघडा ठेवू नये. असे उघडे पोर्ट धुंडाळणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने मूळचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर जगभर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. आपल्या संगणकावर तर सारी उधारी-वसुली आहे. अशा वेळी फक्त वायरगार्डचा पोर्ट उघडावा आणि संगणक त्याच्या आड ठेवावा. सहाव्या आवृत्तीच्या (आयपीव्ही६) नव्या पत्त्यांना हे पत्तांतर सहसा लागत नाही, मात्र ते पत्ते कारखान्यात आणि घरी दोन्हीकडे हवेत आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये (नको ती ये-जा अडवणाऱ्या व्यवस्थेत) परवानगीही द्यावी लागते.

चाचणी कारखान्याच्या वायफायवरून करू नये. आतून बाहेरचा पत्ता देऊन पुन्हा आत येणे अनेक राउटरांना जमत नाही, त्यामुळे चालणारी व्यवस्थाही बिघडलेली भासते; मोबाइलचे वायफाय बंद करून सिमच्या डेटावरून पाहावे. आणि राउटरमध्ये घातलेली पोर्ट फॉरवर्डिंगची ओळ आजच काढून टाकावी. आज ती निरुपयोगी आहे, पण उद्या कंपनीने सार्वजनिक पत्ता दिला तर ती कोणाच्याही लक्षात न येता कामाला लागेल.