रात्री डॉक्टरांना फोन करायची भीती वाटते

‘ताई, मी सव्वीस वर्षांची आहे. एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. मागच्या महिन्यात नाइट ड्यूटीला होते. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका काकांची नाडी वाढत होती, बीपी उतरत होतं. दोन वाजता मी डॉक्टरांना फोन करून म्हटलं, “सर, सात नंबरचे काका जरा बरे वाटत नाहीयेत.” सर खेकसले, “नीट सांगता येत नसेल तर फोन कशाला करता?” आणि फोन ठेवला. परत फोन करायची हिंमत झाली नाही. पाऊण तासानं सुपरवायझर सिस्टर राउंडला आल्या, त्यांनी सरांना बोलावून घेतलं. आतून रक्तस्राव होत होता. काकांना परत थिएटरला नेलं, ते वाचले. सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना इनचार्ज सिस्टर मला नातेवाइकांसमोर वाटेल ते बोलल्या. आता फोन उचलला की हात कापतात. खाली मान घालून काम करत राहू की राजीनामा देऊ?’

प्रिय मैत्रिणी,

काका वाचले, याचा आनंद तुझ्याइतकाच मलाही आहे. नाडी आणि बीपी बिघडतंय हे सगळ्यात आधी तुझ्याच लक्षात आलं होतं, हे या गोंधळात तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून मी सांगते.

सरांचं वागणं चुकलंच. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी सिस्टरचा फोन असा आपटायचा नसतो. पण त्यांचा स्वभाव तुझ्या हातात नाही, तुझा फोन आहे. ‘जरा बरे वाटत नाहीयेत’ या वाक्यात झोपेतून उठलेल्या माणसाला पकडायला काही नव्हतं. आकडे तुझ्याजवळ होते, ते तुझ्या तोंडून निघाले नाहीत. ‘मोठ्यांपुढे तोंड उघडू नये’ हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं असतं. त्यामुळे आपण धोक्याची गोष्टसुद्धा मऊ करून, आडवळणानं सांगतो.

या सवयीची किंमत विमानवाल्यांनी फार मोठी मोजली आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या तेनेरीफ विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय. त्यानं ते विचारलंही, पण प्रश्नाच्या रूपात. कॅप्टन कंपनीतले अतिशय ज्येष्ठ वैमानिक, इतरांना शिकवणारे. त्यांनी ठासून होकार दिला, इंजिनिअर गप्प बसला आणि विमान पुढं गेलं. कारणं इतरही होती, पण त्या पिढीतल्या अशा अपघातांनंतर कनिष्ठानं स्पष्ट बोलायचं आणि वरिष्ठानं ऐकून घ्यायचं, याचं रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांमध्ये सुरू झालं.

हॉस्पिटलांसाठीही अशी एक पद्धत आहे, एसबार (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन). कॉलेजात शिकवलीही असेल. मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही पेशंटची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे देताना ही पद्धत वापरावी असं सुचवलं. क्रम साधा: आत्ता कुणाला काय झालंय, पेशंटचं आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. तुझा त्या रात्रीचा फोन असा झाला असता:

‘सर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड सात, बीपी ८६/५०, नाडी १२४. तासापूर्वी बीपी ११०/७० होतं. काल दुपारी आतड्याचं ऑपरेशन झालंय, ड्रेनच्या नळीत ताजं रक्त दिसतंय. मला आतून रक्तस्रावाची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा.’

वीस-पंचवीस सेकंद. फोन करण्याआधी केसपेपर समोर ठेव, आकडे कागदावर लिहून घे आणि वाचून दाखव. हात कापत असले तरी वाचता येतं. ‘मला शंका आहे’ म्हणायला बिचकू नकोस. निदान डॉक्टर करतील, पण पेशंटच्या उशाशी तू उभी आहेस. फोनवर औषध सांगितलं तर नाव आणि डोस परत म्हणून दाखव.

तरीही ते खेकसले तर तेच पुन्हा एकदा, आवाज न चढवता सांग: ‘सर, बीपी ८६ आहे, मला काळजी वाटते.’ दुसऱ्यांदाही ऐकलं नाही तर, ‘ठीक आहे सर, मी सुपरवायझर सिस्टरांना आणि कन्सल्टंटना कळवते,’ असं सांगून खरंच कळव. कितीला फोन केला, काय सांगितलं, काय उत्तर आलं, हे नर्सिंग नोट्समध्ये लिही. ही चहाडी नाही. त्या रात्री खरा घात केला तो पहिल्या फोननंतरच्या पाऊण तासानं. डॉक्टर ओरडले म्हणून पेशंटचं बीपी थांबून राहत नाही.

आता इनचार्ज सिस्टर. त्यांना ओव्हरच्या गडबडीत गाठू नकोस. दुपारी वॉर्ड शांत झाला की म्हण, ‘सिस्टर, पाच मिनिटं बोलायचं होतं.’ आणि त्या एका सकाळपुरतंच बोल. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ म्हटलंस की बोलणं तिथंच संपलं, त्या ‘नेहमी’चा हिशोब मांडत बसतील. असं सांगून बघ: ‘उशीर झाला, ते मला मान्य आहे. पण नातेवाइकांसमोर बोललात, त्यानंतर ते मला काही विचारेनासे झाले. माझं चुकलं तर मला बाजूला घेऊन सांगा, मी ऐकेन.’ मग थांब. त्यांना बोलू दे, मधे तोडू नकोस. सकाळी सातला आल्या आल्या रात्रीचा हा प्रकार त्यांच्या अंगावर आला होता, तेही त्या सांगतील कदाचित.

सरांशीही बोल, पण फोनवर नको. राउंड संपल्यावर विचार, ‘सर, रात्री फोन केल्यावर तुम्हाला आधी काय सांगितलेलं हवं असतं?’ बहुतेक डॉक्टर याचं नीट उत्तर देतात. त्यांनी सांगितलेलं कागदावर उतरवून मेट्रनच्या (मुख्य सिस्टरच्या) परवानगीनं वॉर्डातल्या फोनशेजारी चिकटव. नवीन मुलींच्याही कामी येईल.

राजीनाम्याचा विचार मात्र या एका रात्रीवरून करू नकोस. सांगूनही चारचौघांत अपमान चालूच राहिला तर तारीख-वेळ घालून मेट्रनकडे लेखी दे, त्याची पोच घे. तिथंही कुणी दाद दिली नाही, तर दुसरीकडे अर्ज कर आणि मुलाखतीला गेलीस की तूच विचार, ‘तुमच्याकडे रात्री डॉक्टर आले नाहीत तर सिस्टरनं कुणाला फोन करायचा?’

तुझी,
ताई