‘इन्क्विझिशन चालवणाऱ्यांनी नीती शिकवू नये’: सापेक्षतावादाला ख्रिस्ती लोकांचं उत्तर काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं’ हे, म्हणजे सापेक्षतावाद, मानायला ख्रिस्ती लोकांना एवढं जड का जातं, ही एक. चर्चमधलेच पुरोगामी बदल मागतात, त्यांना बाकीचे काय सांगतात, ही दुसरी. शिवाय जाता जाता टोमणा मारलाय की गोव्यात इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) चालवणाऱ्यांनी नीतीच्या गप्पा मारू नयेत. मी वसईचा कॅथलिक, बरीच वर्षं मडगावात आहे. मला तुमचा टोमणाच जास्त कामाचा वाटला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

इन्क्विझिशन गोव्यात १५६० साली आलं, मध्ये काही वर्षं बंद पडलं आणि १८१२ मध्ये कायमचं गेलं. त्यांचा १७३६ चा हुकूमनामा वाचून आधी हसू येतं, मग चीड. ख्रिस्ती झालेल्यांनी अळणी भात शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही, कारण हिंदू तसं करतात. लग्नात विड्याची पानं, सुपारी, फुलं पाठवायची नाहीत. दारात तुळस नको, पुरुषांना धोतर नको, बायकांना चोळी नको. लोकांच्या चुलीपर्यंत नाक खुपसणाऱ्या याच यंत्रणेकडे तुरुंग होते आणि छळाची साधनंही.

हे वाईट होतं असं तुम्ही म्हणता, मीही म्हणतो. पण कशाच्या जोरावर? ज्याच्या त्याच्या काळाचं सत्य वेगळं असेल, तर इन्क्विझिटर सुटला की हो! त्याच्या हिशेबानं तो लोकांचे आत्मे वाचवत होता. त्याचं सत्य त्याला लखलाभ, तुमचं तुम्हाला. मग तक्रार कुणाकडे करायची? ख्रिस्ती उत्तराचा गाभा मला इथे दिसतो. बरं-वाईट जर त्या त्या समाजानं ठरवायचं असेल, तर समाजाच्या मानेवर बसलेल्याला ‘तू चुकतोस’ असं म्हणायला जागाच राहत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो की ज्यांच्या हाती नियमशास्त्र, म्हणजे मोशेला मिळालेले देवाचे नियम, नव्हते, त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेलं आहे. म्हणजे मोजमाप राजाच्या आधीचं आणि बिशपच्याही वरचं.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३ मध्ये सापेक्षतावादाला लांबलचक उत्तर लिहिलं, ‘व्हेरितातिस स्प्लेंदोर’ नावाचं. काही कृत्यं कुठल्याही परिस्थितीत, कितीही चांगल्या हेतूनं केली तरी वाईटच, असं त्यात म्हटलंय. लोकांना त्यातला फक्त गर्भपात आठवतो. पण त्याच यादीत गुलामगिरी आहे, शारीरिक-मानसिक छळ आहे आणि माणसाच्या मनावर बळजबरी करणंही आहे. म्हणजे इन्क्विझिशनवरचं आरोपपत्रच की! याच पोपनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये, सत्याच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी केलेल्या असहिष्णुतेबद्दल जाहीर क्षमा मागितली. मला यात विसंगती दिसत नाही. मोजमाप पक्कं असल्याशिवाय माफी कशाची मागणार?

उलट आमच्यातले काही कट्टर लोक इन्क्विझिशनचा विषय निघाला की ‘त्या काळी सगळीकडे असंच चालायचं’ म्हणून हात झटकतात. एरवी हेच लोक सापेक्षतावादाच्या नावानं बोटं मोडतात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

आता पुरोगाम्यांकडे येतो. त्यांना सरसकट सापेक्षतावादी म्हणणं आळशीपणाचं आहे. त्यातले बरेच जण न्याय-अन्यायाबद्दल आमच्यापेक्षा कडक असतात. त्यांचं म्हणणं एवढंच की चर्चची समज वाढत आली आहे, ती आणखी वाढू द्या. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे जे. ग्रेशम मेचेन यांनी १९२३ मध्ये उत्तर दिलं की उदारमतवाद, म्हणजे चर्चमधला हा पुरोगामी विचार, ही ख्रिस्ती धर्माची शाखा नाही, तो वेगळाच धर्म आहे. मला हे फार तोडून टाकणारं वाटतं. पाचव्या शतकातले लेरिन्सचे संत व्हिन्सेंट जास्त पटतात. मूल वाढून पुरुष होतं, पण अवयव तेच राहतात. शिकवणही तशीच वाढावी, असं ते सांगतात. पंचाईत अशी की व्हिन्सेंटचा दाखला पोप फ्रान्सिस देत आणि त्यांचे टीकाकारही देतात. हात वाढलाय की तिसरा हात फुटलाय, हे ठरवायचं कुणी?

आणि हा वाद नुसता पुस्तकी नाही. इथल्या रविवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) मला एक बाई दिसतात. कोर्टातून घटस्फोट झाला, दुसरं लग्नही झालं, चर्चच्या लेखी मात्र पहिलंच लग्न खरं. म्हणून त्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, घेता येत नाही. त्याची रांग लागली की त्या पाय आखडून घेतात, बाकावरच्या इतरांना जायला वाट देतात आणि तिथेच बसून राहतात. पुरोगामी म्हणतात, नियम बदला. जॉन पॉल यांनी १९८१ मध्येच सांगून ठेवलं होतं की माणूस एकेक पायरीनं पुढे येईल, त्याला वेळ द्या, पण माणूस पाहून नियम लहान-मोठा करू नका. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका तळटीपेत अशांपैकी काहींना कम्युनियनसारखे चर्चचे संस्कार मिळण्याची वाट किलकिली केली, तर चार कार्डिनलांनी (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) जुनी शिकवण अजून कायम आहे का, असे लेखी प्रश्न पाठवले. मला ते प्रश्न रास्त वाटतात. पण त्या बाईंसमोर ते वाचून दाखवायची माझी छाती नाही.

समलिंगी जोडप्यांचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये रोमनं, म्हणजे पोपच्या व्हॅटिकननं, धर्मगुरूंना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली. तो लग्नविधीसारखा दिसू नये आणि विवाहाची शिकवण तीच राहील, या अटीवर. आफ्रिकेतल्या बिशपांनी महिनाभरात कळवलं की आमच्याकडे हे होणार नाही. पुरोगाम्यांना मुळात ती मुभाच तुटपुंजी वाटली. मी शिकवणीच्या बाजूचा आहे. पण ज्यांच्याविषयी हा सगळा खल चाललाय, त्यांच्यापैकी कुणाला समोर बसवून आमच्याकडे कधी चर्चा झालेली मी पाहिलेली नाही, आणि पुरोगाम्यांची ही एक तक्रार मला खोडून काढता येत नाही.