मैत्रिणीला फर्स्ट शिफ्टला आणा

*ताई, मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरींचे जुडगे बनवण्याच्या, लाइनवर सुपरवायझर आहे. लाइनवरची एक ऑपरेटर तीन वर्षं एक नंबर काम करायची. श्रावणात तिचे वडील गेले, आठवड्याभरात कामावर आली. कामात खोट नव्हती, पण मधल्या सुट्टीत मैत्रिणीजवळ रडत बसायची. वातावरण बिघडायला नको म्हणून गणपतीनंतर मैत्रिणीला सेकंड शिफ्टला टाकलं. आता दसरा झाला, तिचे दिवसाला आठ-नऊ पीस टेस्टिंगला फेल जातात. डबा उघडते आणि तसाच झाकते. इन्सेन्टिव्ह कापून पाहिला, फरक नाही. समुपदेशनाला पाठवू, की लाइनवरून काढू?*

दादा, मैत्रिणीची शिफ्ट बदलल्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. माझी नजर तिथेच अडकली.

तुमच्याच पत्रातले महिने एकाखाली एक मांडा. वडील गेले श्रावणात. गणपतीपर्यंत ती रडतही होती आणि पीसही पास होत होते. मैत्रीण गेली, आणि वायरींच्या पिना चुकीच्या खाचेत जायला लागल्या. हे रिजेक्शन तुम्ही वाढवलंत. राग आला तर येऊ द्या.

त्या सुट्टीत ती रडून मोकळी व्हायची आणि स्टेशनवर हात चालायचे. आता तेच रडू घशात धरून ती वायरी लावतेय. निळी वायर कुठली आणि निळ्यावर पांढरी रेघ असलेली कुठली, हे भरल्या डोळ्यांना कसं दिसावं?

इन्सेन्टिव्ह कापून काय होणार होतं? इंग्लंडमधल्या वॉरविक विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. माणसांना दोन आकडी संख्यांच्या बेरजा घातल्या होत्या, बरोबर उत्तरामागे पैसे. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं होतं किंवा फार आजारी होतं, त्यांच्या बेरजा कमी भरल्या. पैसे समोर असूनही. तुमच्या लाइनवर तेच चाललंय.

आणि ती सुट्टी तुमची नव्हतीच. सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच घालून दिलं होतं. त्या अर्ध्या तासात तिने चपाती खावी की रडावं, हे तिचं तिने ठरवायचं.

समुपदेशनही नको, लाइनवरून काढणंही नको. सोमवारपासून मैत्रिणीला फर्स्टला आणा. कापलेला इन्सेन्टिव्ह परत करा. तिला केबिनमध्ये बोलावू नका, तिच्या स्टेशनपाशी जाऊन सांगा, "मैत्रिणीची शिफ्ट बदलली, ते माझं चुकलं." आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की त्या दोघींच्या बाजूला फिरकू नका.