आजीला चेटकीण म्हणणारा नातू

"मॅडम, कार्टून बंदच करून टाकू का?" हा प्रश्न वरचेवर येतो. या वेळी विचारणारी आई साताऱ्यातल्या शाहूपुरीची होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

साडेपाच वर्षांच्या मुलाने हिमगौरी आणि सात बुटक्यांचा १९३७ सालचा अ‍ॅनिमेशनपट पाहिला. तेव्हापासून आजी काठी टेकत आली की "चेटकीण आली!" म्हणून हा पलंगाखाली. तिने कापलेली सफरचंदाची फोडही खाईना. घरात सगळे हसले. बाबांनी व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

"आजी काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही नाही. हल्ली बाहेरच्या खोलीत बसत नाहीत."

या वयाची मुलं चांगलं-वाईट बरंचसं दिसण्यावरून ठरवतात. त्यात पाठीला पोक, तोंडाचं बोळकं हे सिनेमातलं वर्णन घरच्या आजीला जसंच्या तसं लागू पडलं. गंमत बघा, त्या गोष्टीतले बहुतेक बुटकेही पांढऱ्या दाढीचे म्हातारे, पण ते सगळे भले. म्हातारी बाई मात्र एकच, तीही विष घेऊन आलेली. हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही.

तरी मी बंदी सुचवली नाही. मुलाची भीती सिनेमातून आली होती, पण ती टिकली घरातल्या हशावर. प्रत्येक किंचाळीला प्रेक्षक मिळत होते. आणि चेटकीण म्हणणं ही आपल्याकडे नुसती थट्टा नाही. एखाद्या व्यक्तीवर करणी करते असा शिक्का मारून तिला छळणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. पाच वर्षांच्या पोराला कायदा सांगायचा नसतो, पण बाबांना मी सांगितला. व्हिडिओ त्यांनी काढून टाकला.

मुलाशी बोलताना सिनेमाच कामाला आला. "हिमगौरीला मारायला शिकाऱ्याला जंगलात कुणी पाठवलं?"

"राणीने."

"तेव्हा ती कशी दिसत होती?"

बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "छान." मग स्वतःच पुढे, "म्हणजे ती आधीपासूनच वाईट होती!"

आजीला मी वेगळी भेटले. नातवाला जबरदस्तीने जवळ घेऊ नका, पण बाहेरच्या खोलीतली जागा सोडू नका, एवढंच म्हटलं. पाठ का वाकली, हे त्याने विचारलं तर खरं सांगा: वयाने हाडं ठिसूळ होतात. त्याने विचारलंच, शिवाय दात कुठे गेले तेही. फोड आता खातो, मात्र आधी आजीने एक खाऊन दाखवायची, अशी अट आहे. आजींना ती मान्य आहे. फक्त फोड मऊ हवी म्हणतात.

रात्री दिवा चालू ठेवायचा हट्ट अजून आहे. तो या वयात असतोच. झोप सतत मोडू लागली किंवा शाळेत जायलाही घाबरू लागला, तर पुन्हा घेऊन या, असं आईला सांगून ठेवलं आहे.